हळदीच्या पाकातले एक पल लोह

'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. अंगावर गांधी उठणे मात्र त्याच्या फार आधीचे. माधवनिदानात शीतपित्ताची सूज वरटीच्या, म्हणजे गांधीलमाशीच्या, दंशासारखी सांगितली आहे. मराठीतही हे दोन शब्द शेजारी नांदतात. मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

अंगावर पित्त उठले की आपल्या घरांत आमसुलाचे पाणी लावतात, नाहीतर गेरू. गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साईडने लाल झालेली माती, अर्थात खनिज. पण त्याला झाडपाल्याच्याच पंक्तीत बसवले जाते.

पोटात घेण्याच्या औषधांतही तेच. शीतपित्तावरचा हरिद्राखंड आपण हळदीचा पाक म्हणूनच ओळखतो. गोविंददासांच्या 'भैषज्यरत्नावली'त त्याचे प्रमाण आहे : हळद ८ पले, तूप ६, साखर ५०; मग सुंठ, मिरी, पिंपळी, त्रिफळा, वावडिंग, नागरमोथा वगैरे एकेक पल. या यादीत लोहही आहे, एक पल. लपवलेले नाही, आपणच ते वाचत नाही.

हे लोह कच्चे नसते. पत्रे तापवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत प्रत्येकी सात वेळा विझवायचे, मग त्रिफळ्याच्या काढ्यात खलून पुटे द्यायची, तेव्हा भस्म होते. म्हणजे लोह वनस्पतींत मिसळण्याआधीच वनस्पती लोहात उतरलेल्या असतात. 'निव्वळ वनौषधी' ही रेघ जुन्या वैद्याला समजलीच नसती.

सगळीच खनिजे इतकी सौम्य नाहीत. चरकाने श्वासावर सांगितलेल्या धूमवर्तीत हळद, एरंडमूळ, देवदार यांच्याबरोबर मनःशीळ आणि हरताळ आहेत. दोन्ही आर्सेनिकची संयुगे. २००४ साली बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. आपल्याकडे औषध नियमांच्या 'ई-१' अनुसूचीत पारा, हरताळ, मनःशीळ, मोरचूद आहेत. ती पोटात घ्यायच्या औषधात असली तर वैद्यकीय देखरेखीची सूचना वेष्टनावर छापावी लागते.

लोह त्या अनुसूचीत नाही, आणि बहुतेकांना त्याची गरजही भासणार नाही. पण थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्यांच्या शरीरात लोह साचत जाते. अशा घरात कुणी 'हळदच तर आहे' म्हणून चमचाभर हरिद्राखंड पुढे केला, तर त्या एका पलाची आठवण करून द्यायला हवी.