मोडनिंब : भीमा खोऱ्यातील अश्मयुगाच्या संदर्भात

मोडनिंब हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील गाव सोलापूर–पुणे महामार्गावर असून कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्गावरील स्थानक आहे. पश्चिमेस भीमा, पूर्वेस सीना. काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण, अशी येथील भूमी आहे.

या प्रदेशातील आदिमानवाची ओळख मात्र भीमेच्या वरच्या अंगाच्या उपनद्यांकाठी होते. जुन्नर तालुक्यातील कुकडीकाठचे बोरी आणि गणपतीसाठी प्रसिद्ध असलेले कऱ्हेकाठचे मोरगाव ही त्यांतील महत्त्वाची स्थळे. कुकडीचे पाणी घोड नदीवाटे, तर कऱ्हेचे नीरेवाटे भीमेत येते. नीरा-भीमेचा संगम माढा तालुक्याच्या सीमेलगत, नीरा नरसिंहपूरला होतो. बोरी आणि मोरगाव या दोन्ही स्थळी गाळात दगडी हत्यारांसोबत ज्वालामुखीची राख सापडली आणि तिच्या वयावरून वाद माजला. सुमात्रा बेटावरील टोबाचा सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीचा उद्रेक हेच तिचे मूळ, असे काही अभ्यासक म्हणतात. काही ती कित्येक लाख वर्षे जुनी मानतात. मोरगावच्या थरातील चुंबकीय दिशा उलटी आढळल्याने तो 7 लाख 80 हजार वर्षांहून जुना असावा, असा एक निष्कर्ष आहे. ही हत्यारे घडवणाऱ्यांची हाडे महाराष्ट्रात मिळालेली नाहीत. मानवी कवटीचा प्रसिद्ध अवशेष 1982 साली महाराष्ट्राबाहेर, नर्मदेकाठच्या हथनोरा येथे सापडला.

दगडाची निवड हीच येथे भूप्रदेशाच्या वापराची मुख्य खूण. पूर्वपुराणाश्मयुगात मोठ्या काळ्या धोंड्यावर घाव घालून तळहाताएवढा छिलका काढीत आणि दोन्ही अंगांनी तासून त्याची हातकुऱ्हाड किंवा फरशी बनवीत. असे धोंडे नदीच्या दरडीत व टेकड्यांच्या पायथ्याशी मिळत, म्हणून वस्तीही तेथेच. पुढे हत्यारे लहान झाली. प्रवरेकाठच्या नेवासे येथे ह. धी. सांकलिया यांनी 1950च्या दशकात जी मध्यपुराणाश्मयुगीन परंपरा ओळखली, तिच्यातील तासण्या व टोकदार हत्यारे जास्पर, चर्ट अशा बारीक कणांच्या दगडांची आहेत. लाव्ह्यातील वायूच्या पोकळ्यांत साठलेला कॅल्सेडनीसारखा दगड झिजून नदीच्या वाळूगोट्यांत उतरतो, त्यामुळे मूठभर गोटे बरोबर नेणे शक्य झाले. उत्तरपुराणाश्मयुगीन पाती घोडकाठच्या इनामगावच्या परिसरातही मिळाली आहेत.

काळ्या पाषाणाची हातकुऱ्हाड कुजून तिच्यावर पिवळसर साल चढते, कडा बोथट होतात आणि बांधावरच्या धोंड्यांत ती ओळखू येत नाही. कॅल्सेडनीच्या पात्याची धार बोटाला अजूनही लागते.