एच. आय. व्ही.वरील औषधे : ‘निर्धोक’ या विशेषणाचा इतिहास

औषधास आपण ‘गुणकारी’ व ‘निर्धोक’ अशी विशेषणे लावतो. रूपाने ती निरपेक्ष दिसतात. अर्थाने मात्र दोहोंतही तुलना गर्भित असते. तुलनेचा दुसरा पक्ष बदलला की निर्णयही बदलतो, हे एच. आय. व्ही.वरील उपचारांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

झिडोव्हुडीन हे द्रव्य जेरोम हॉरविट्झ यांनी १९६४ साली कर्करोगासाठी तयार केले. त्या कामी ते निरुपयोगी ठरले. १९८६ साली अमेरिकेत २८२ गंभीर रुग्णांवर त्याची चाचणी झाली. औषधविरहित मात्रा घेणाऱ्या १३७ जणांपैकी १९ दगावले. औषध घेणाऱ्या १४५ जणांपैकी एक. चाचणी मध्येच थांबवण्यात आली व मार्च १९८७ मध्ये औषधास मान्यता मिळाली. ते घेणाऱ्या सुमारे एकपंचमांश रुग्णांना रक्तक्षयामुळे वारंवार रक्त द्यावे लागले होते. परंतु येथे तुलना मृत्यूशी होती.

लक्षणे नसलेल्या बाधितांनाही हे औषध लगेच द्यावे काय? ब्रिटन, आयर्लंड व फ्रान्स येथील १,७४९ व्यक्तींवरील ‘काँकॉर्ड’ चाचणीने १९९४ साली उत्तर दिले : लगेच दिल्याने आयुष्य वाढत नाही. एकट्या औषधास विषाणू लवकरच दाद देईनासा होतो, हे त्यामागील एक प्रमुख कारण होय. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली, आणि ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली.

किंमत हाही या तुलनेचा एक पक्षच. पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येत असता, २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा संच ३५० डॉलरांत देऊ केला. त्यातील स्टॅव्हुडीनमुळे हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होई व चेहऱ्यावरील मेद झडे. तथापि त्या वेळी पर्याय होता तो बहुधा उपचार न मिळण्याचाच. अधिक सौम्य औषधे उपलब्ध झाल्यावर, २००९ साली, जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडीन क्रमाने बंद करण्याची शिफारस केली.

२०१५ साली ‘स्टार्ट’ चाचणीने ‘काँकॉर्ड’चाच प्रश्न पुन्हा विचारला. ४,६८५ व्यक्तींपैकी उपचार लगेच सुरू केलेल्या गटात गंभीर आजार वा मृत्यू ४२ जणांच्या वाट्याला आले. लांबणीवर टाकलेल्या गटात ९६ जणांच्या. प्रश्न तोच, उत्तर उलट. तरीही दोन्ही निष्कर्ष आपापल्या औषधांपुरते यथार्थ होते.

म्हणून ‘ही औषधे विषारी आहेत’ हे विधान जितके अपुरे, तितकेच ‘ती निर्धोक आहेत’ हेही. कोणते औषध, कोणास, केव्हा आणि कशाच्या तुलनेत, हे सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. अशा अपुऱ्या वाक्यावर विसंबून उपचार सोडणाऱ्यास त्याचे मोल प्राणांनी द्यावे लागते.