परभणीचा पारा : कृषी विद्यापीठाची हिवाळ्यांमधली वाटचाल

डिसेंबर लागला की वृत्तपत्रांत किमान तापमानाचा तक्ता ठळक जागी येऊन बसतो. त्या तक्त्यात परभणीचे नाव पुष्कळदा दोन वेळा दिसते : एकदा नुसते ‘परभणी’ आणि एकदा ‘परभणी कृषी विद्यापीठ’. दोन आकड्यांत अंतर असते आणि खालचा आकडा बहुतेक वेळा विद्यापीठाचा असतो. एकाच गावात एकाच पहाटे घेतलेल्या दोन नोंदी वेगळ्या कशा, असे लोक विचारतात. त्या अंतरातच परभणीच्या थंडीचा उलगडा आहे. विद्यापीठाची हवामान वेधशाळा हिवाळ्यानंतर हिवाळे जे काम करत आली, त्याचे मोलही तिथेच कळते.

या संस्थेची मुळे विद्यापीठाच्या स्थापनेच्या बरीच आधीची आहेत. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, १९१८ मध्ये, परभणीला शेती संशोधनाचे मुख्य प्रायोगिक क्षेत्र सुरू झाले. ज्वारी, कापूस आणि फळझाडे ही तिथल्या कामाची सुरुवात. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये परभणीत कृषी महाविद्यालय उभे राहिले. पुढे १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचाही तोच स्थापना दिवस. त्या वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला होता. खडी फोडणाऱ्या हातांच्या त्या वर्षात या विद्यापीठाने पहिले पाऊल टाकले. तेव्हा मराठवाड्यात पाच जिल्हे होते. पुढे जालना, लातूर आणि हिंगोली झाले आणि कार्यक्षेत्र आठ जिल्ह्यांचे ठरले. वसंतराव नाईक यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २०१३ मध्ये विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले.

दुष्काळाच्या पोटी जन्मलेल्या संस्थेचा इतिहास पावसाच्या अंगाने सांगितला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. पण मराठवाड्यातला रब्बी हंगाम पावसाइतकाच थंडीवर उभा असतो. ती किती पडली, केव्हा पडली, किती दिवस टिकली, यावर ज्वारीचे कणीस भरते किंवा पोचट राहते. विद्यापीठाची ही बाजू फार कमी बोलली जाते, म्हणून इथे तिच्याविषयी.

कृषी हवामान वेधशाळेचे काम बाहेरून पाहणाऱ्याला फार साधे वाटेल. मोकळ्या रानात कुंपण घातलेला एक चौकोन. त्यात झडपांची पांढरी लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर. पेटीत कमाल आणि किमान तापमापक. किमान तापमापकात मद्यार्क असतो आणि त्यात बुडालेली एक बारीक कांडी. रात्री तापमान उतरते तशी ती कांडी मागे ओढली जाते आणि सर्वांत खालच्या जागी थांबून राहते. उजाडल्यावर निरीक्षक तिचे टोक वाचतो, नोंदवहीत लिहितो आणि तापमापक कलता करून कांडी पुन्हा जागेवर आणतो. कृषी वेधशाळांची नोंदीची वेळ स्थानिक सूर्यमानाप्रमाणे सकाळी ७ आणि दुपारी २. याशिवाय पर्जन्यमापक, वाऱ्याची दिशा आणि वेग, सूर्यप्रकाशाचे तास, बाष्पीभवन, मातीतले ५, १० आणि २० सेंटिमीटरवरचे तापमान. हे सगळे रोज, सणासुदीला आणि रविवारीसुद्धा. एका दिवसाची नोंद चुकली तर ती पुन्हा घेता येत नाही, आणि त्याने सरासरीत भोक पडते. संशोधनाचे श्रेय वाणांना मिळते, पण त्या वाणांच्या चाचण्यांचा अर्थ लावायला हीच वही लागते.

आता त्या दोन आकड्यांकडे. हिवाळ्यात हिमालयावरून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकले, वर बर्फ पडले आणि मागून कोरडे वारे दक्षिणेकडे वाहू लागले की मध्य भारत ओलांडून ती थंडी मराठवाड्यात उतरते. परभणी समुद्रापासून लांब आहे. इथल्या हवेत त्या दिवसांत बाष्प फार थोडे, आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि रात्र मोठी. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडून देते. ढग असते तर त्यातली बरीचशी परत आली असती. शिवाय ही काळी माती वर वाळली, भेगाळली आणि ढेकळे झाली की खालची ऊब वर येऊ देत नाही. पृष्ठभाग झपाट्याने गार पडतो, त्याला लागून असलेली हवा गार आणि जड होऊन तिथेच बसून राहते. शहरातल्या भिंती, डांबर आणि सिमेंट मात्र दिवसाची ऊब पहाटेपर्यंत धरून ठेवतात. म्हणून वस्तीजवळच्या नोंदीत आणि विद्यापीठाच्या मोकळ्या रानातल्या नोंदीत अंतर पडते. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त शेतकऱ्याच्या कामाचा आकडा रानातला. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा जो आकडा दर हिवाळ्यात गाजतो, तोही कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा, म्हणजे शेतातलाच असतो.

जानेवारी २००३ आणि डिसेंबर २०१८ चा शेवटचा आठवडा परभणीकरांच्या स्मरणात आहे. या दोन्ही वेळी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा पाच अंशांच्या पुष्कळ खाली गेला होता. मैदानी भागासाठी भारतीय हवामान विभागाचा निकष असा : किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीहून किमान ४.५ अंशांनी कमी, किंवा सरळ ४ अंश वा त्याखाली, की थंडीची लाट. मे महिन्यात चाळिशी सहज ओलांडणाऱ्या गावाला असा हिवाळा सोसावा लागतो, आणि त्याच्या पिकांनाही.

या पिकांवर विद्यापीठाने काय केले? रब्बी ज्वारीचेच घ्या. सोलापूरकडच्या मोहोळची मालदांडी, म्हणजे एम ३५-१, ही पिढ्यान्‌पिढ्यांची आवडती ज्वारी. तिच्या चवीला आणि कडब्याला धक्का न लावता उत्पन्न वाढवायचे, हे परभणीच्या ज्वारी संशोधन केंद्रापुढचे अवघड काम होते. ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ आणि अलीकडचे ‘परभणी सुपर मोती’ हे त्या वाटेवरचे वाण. पण वाण कितीही चांगला असला तरी पेरणीची वेळ चुकली की थंडी हिशेब चुकता करते. ज्वारी फुलोऱ्यात असताना रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली गेले तर परागकण निकामी होतात आणि कणसात दाणा धरत नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरा आटोपा, हा आग्रह विद्यापीठ वर्षानुवर्षे धरत आले, त्यामागे ओलाव्याइतकेच हेही कारण आहे. हरभऱ्याला थंडी मानवते, पण दिवस-रात्रीची सरासरी १५ अंशांखाली बरेच दिवस राहिली तर फुले गळतात, घाटे लागत नाहीत. गव्हाला मात्र थंडीच हवी. फुटवे तिनेच वाढतात, आणि महाराष्ट्राचा हिवाळा आखूड असल्याने इथल्या गव्हाचे नशीब दर वर्षी काही आठवड्यांच्या गारव्यावर ठरते. उसाची वाढ थंडीत मंदावते, पण त्याच कोरड्या, गार रात्रींनी कांड्यात साखर भरते. एकाच शिवारात एकाच रात्री एका पिकाचे भले आणि दुसऱ्याचे नुकसान होत असते. म्हणून थंडीविषयी सरसकट सल्ला देता येत नाही, आणि इथेच संस्थेची कसोटी लागते.

तो सल्ला ग्रामीण कृषी मौसम सेवेतून जातो. हवामान विभागाचा पुढील पाच दिवसांचा अंदाज आणि विद्यापीठातल्या पीकतज्ज्ञांचे म्हणणे एकत्र करून दर मंगळवारी आणि शुक्रवारी पत्रिका निघते. हिवाळ्यातल्या या पत्रिका वाचताना मला या संस्थेविषयी सर्वांत जास्त आपुलकी वाटते. भाषा कोरडी, वाक्ये छोटी, पण प्रत्येक ओळीमागे कुणाचे तरी वर्षाचे उत्पन्न असते. केळीच्या घडांना स्कर्टिंग बॅगने झाका. बागेला रात्री हलके पाणी द्या. पहाटे बांधावर शेकोट्या करून धूर करा. भाजीपाल्याच्या रोपवाटिका झाका. कोंबड्यांच्या शेडला पडदे लावा. जनावरे उघड्यावर बांधू नका, अंगावर बारदान टाका. रेशीम कीटकांच्या संगोपनगृहातली ऊब राखा, कारण या अळ्यांना २४ ते २८ अंश लागतात आणि त्याखाली त्या पाला खायच्या मंदावतात.

रात्री पाणी देण्याचा सल्ला नव्या माणसाला उलटा वाटतो : थंडीत पाणी कशाला? पण ओली माती वाळलेल्या ढेकळांपेक्षा दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री खालून वर पोचवते. विहिरीचे पाणी तर पहाटे हवेपेक्षा कितीतरी कोमट असते. त्याच्या वाफा निघताना मराठवाड्यातल्या कुणी पाहिल्या नाहीत? येलदरी आणि जायकवाडीचे कालवे या जिल्ह्यात आले तेव्हा ते उसासाठी, गव्हासाठी आले. थंडीपासून बचावाचे साधन म्हणूनही पाण्याचा असा उपयोग होतो, हे शेतकऱ्यांनी आणि विद्यापीठाने मिळून रुळवले.

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचे येलदरी धरण १९६८ चे. त्या जलाशयावर मासेमारी करणाऱ्यांचा हिवाळा आणखी वेगळा. पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून गार पाण्यातून जाळे ओढायचे, आणि हातातून निघालेला रोहू-कटला पुन्हा बर्फाच्या चुऱ्यातच बांधायचा. अमेरिकेच्या उत्तरेकडल्या मिनेसोटासारख्या राज्यात हिवाळ्यात तळी गोठतात. बर्फाचा थर फूटभराहून जाड झाला की लोक त्यावर ट्रकसुद्धा नेतात आणि भोक पाडून गळ टाकतात. खाली मासे जिवंत राहतात, कारण पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. तेवढे गार पाणी तळाशी बसते आणि बर्फ वर तरंगतो. आपल्याकडे येलदरी कधी गोठत नाही. पण आपले रोहू, कटला, मृगळ हे उबदार पाण्याचे मासे आहेत, आणि पाणी गार झाले की त्यांची भूक मंदावते. शेततळ्यात मासे पाळणाऱ्याने थंडीत खाद्य कमी करावे आणि पाण्याची खोली राखावी, म्हणजे माशांना तळाशी ऊब मिळते. न खाल्लेले खाद्य कुजून पाणी बिघडवते आणि थंडीपेक्षा जास्त नुकसान करते. मत्स्यशेतीचे शिक्षण आता उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात मिळते. शेततळी वाढत चाललेल्या परभणी-हिंगोलीत त्या ज्ञानाची गाठ इथल्या हवामान पत्रिकेशी अधिक घट्ट बसायला हवी असे मला वाटते.

केळीचे उदाहरण तर थंडीची दोन टोके जोडणारे. नांदेडच्या अर्धापूर भागातली आणि हिंगोलीच्या वसमत पट्ट्यातली केळी ट्रकने उत्तर भारतात जाते. १३ अंशांखाली केळीची साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. म्हणजे इथे बागेत पारा उतरला तर घड पोसत नाही, आणि तिकडे दिल्लीकडे उतरला तर मालाचा उठाव कमी होतो, भाव पडतो, शिवाय वाटेत ट्रकमधला माल गारठण्याची भीती. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला उत्तरेतल्या थंडीच्या बातम्या वाचाव्या लागतात, त्या यासाठी.

मोजमापाचे जाळे मधल्या काळात पुष्कळ पसरले. महावेध प्रकल्पातून राज्याच्या २००० हून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. ही मोठी सोय झाली, कारण सोनपेठचा शेतकरी आणि जिंतूरच्या डोंगराळ भागातला शेतकरी एकाच आकड्यावर अवलंबून राहू नये. पण यंत्र आकडा देते. त्याचा अर्थ लावून केळीवाल्याला एक आणि गहूवाल्याला दुसरे सांगायला माणूस लागतो. त्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे निघाली होती, आणि देशभरातली अशी १९९ केंद्रे २०२४ च्या सुरुवातीला बंद करण्यात आली. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. परभणीसारख्या विद्यापीठातल्या केंद्रावर त्यामुळे पुन्हा अनेक जिल्ह्यांचा भार आला, तोही हवामान अधिक लहरी होत असलेल्या काळात.

एक मागणी मात्र कुठल्याही निधीवाचून पुरी करता येईल. कृषी वेधशाळेत गवताच्या टोकांलगत ठेवलेला आणखी एक किमान तापमापक असतो. निरभ्र रात्री तो पेटीतल्या तापमापकापेक्षा काही अंश खाली वाचतो, आणि हरभऱ्याचे रोप किंवा रोपवाटिकेतली वाफ्यावरची मिरची राहते ती त्याच उंचीवर. हा आकडा पत्रिकेत आणि वृत्तपत्रांत नेहमीच्या किमान तापमानाशेजारी छापला जावा. दुसरे काम शेतकऱ्याने स्वतः करायचे : साधा किमान तापमापक स्वस्तात मिळतो. तो शेतात, सावलीत, हवा खेळती राहील अशा जागी माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर टांगावा आणि एक पूर्ण हिवाळा विद्यापीठाच्या आकड्याशेजारी आपला आकडा लिहीत जावा. नदीकाठच्या खोलगट रानाचा फरक एक निघेल, माळावरच्या रानाचा दुसरा. पुढच्या वर्षी पत्रिकेत ‘किमान तापमान ८ अंश’ असे वाचले की आपल्या बागेत ते किती असेल, हे त्याला घरबसल्या काढता येईल, आणि रात्रीचे पाणी कोणत्या तुकड्याला आधी द्यायचे हेही.