हेसची मूस

जर्मनीतल्या हेस प्रांतात ग्रोसआल्मेरोडे नावाचं गाव आहे. तिथले कुंभार मध्ययुगाच्या अखेरीपासून धातू वितळवायच्या मुशी घडवत आणि त्या युरोपभर विकत. पुष्कळ मुशींचं तोंड तिकोनी असे, म्हणजे कुठल्याही कोपऱ्यातून रस ओतता येई. किमयागारांचा या मुशींवर फार भरवसा. शिशाचं सोनं कुणाचंच झालं नाही, पण तो दोष मुशीचा नव्हता! अमेरिकेत जेम्सटाउनच्या इंग्रज वसाहतीच्या उत्खननातही त्या सापडल्या. इतर ठिकाणच्या कारागिरांनी नक्कल करून पाहिली, ती काही जमली नाही.

यातलं गुपित उघडं पडलं २००६ साली. मार्कोस मार्टिनोन-टोरेस, थिलो रेरेन आणि इयन फ्रीस्टोन या संशोधकांनी जुन्या मुशींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापले. तुकड्यांत मुलाईट नावाचा स्फटिकरूप पदार्थ होता.

ग्रोसआल्मेरोडेच्या मातीत केओलिन, म्हणजे चिनी माती, भरपूर आणि लोह, चुना कमी, त्यामुळे ती कडक आचेतही ढासळत नाही. साधं मडकं ७००-९०० अंश सेल्सिअसला भाजून निघतं. मात्र ११०० अंशांच्या वर गेल्यावर मातीतले ॲल्युमिना आणि सिलिका नव्यानं जुळतात आणि मुलाईटचे स्फटिक तयार होतात. आच आणखी वाढली की त्यांच्या लांब सुया होऊन एकमेकींत अडकतात. मुलाईट उष्णतेनं फारसा फुगत नाही आणि रसायनांनाही सहज दाद देत नाही. कुंभार मातीत गारेची वाळूही मिसळत. मूस निवताना ५७३ अंशांपाशी गारेचे कण झटकन आकसतात, त्यांच्याभोवती बारीक भेगा पडतात आणि पुढे मोठी चीर धावत आली की ती या भेगांत अडकून थांबते. माझ्या मते खरी करामत इथे आहे: भेगाच मुशीला वाचवतात. नुसती माती आणून नक्कल साधली नसती. भट्टीची तेवढी आचही हवी होती.

मुलाईटला नाव मिळालं ते १९२४ मध्ये, स्कॉटलंडच्या मल बेटावरून. तिथे तो निसर्गतः सापडतो. म्हणजे कुंभार निदान चार शतकं बिननावाचा पदार्थ बनवत होते. आता तो भट्ट्यांच्या अस्तरासाठी मुद्दाम तयार करतात. आपल्या भंडारा जिल्ह्यात सापडणारं कायनाइट हे खनिजही सुमारे १३०० अंशांपुढे तापवलं की त्याचा मुलाईटच होतो.