सिद्दीकी, ओबैद
(७ जानेवारी १९३२–२६ जुलै २०१३). भारतीय रेणवीय जीवशास्त्रज्ञ व आनुवंशिकीतज्ज्ञ. जन्म संयुक्त प्रांतातील बस्ती जिल्ह्यात. शिक्षण अलीगढ मुस्लिम विद्यापीठात व त्यानंतर ग्लासगो विद्यापीठात ग्वीदो पोंतेकोर्व्हो यांच्या मार्गदर्शनाखाली. लिओ झिलार्ड यांच्या शिफारशीवरून होमी भाभांनी त्यांना पाचारण केले आणि १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली.

जनुकाची सूक्ष्मरचना. ग्लासगो येथे अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स या बुरशीच्या, पॅरा-अमिनोबेंझोइक अम्ल स्वतः तयार करू न शकणाऱ्या वाणांचे परस्परांशी संकर करून, एकाच जनुकाच्या पोटात पुनःसंयोजन कोठे व किती वारंवार घडते याचा जो तपशील त्यांनी चिकाटीने जमविला, त्यावरून ही क्रिया जनुकभर सारख्या प्रमाणात न घडता तिला एक दिशा असते, असे निदर्शनास आले. पुढे अमेरिकेत अ‍ॅलन गॅरन यांच्यासमवेत एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूवर काम करताना, अल्कलाइन फॉस्फटेज या एंझाइमाच्या जनुकातील काही उत्परिवर्तनांचा परिणाम अन्य ठिकाणच्या एका स्वतंत्र जनुकामुळे दबतो आणि नाहीसे झालेले एंझाइम पुन्हा निर्माण होऊ लागते, हे त्यांनी एका निबंधात दाखविले (१९६२). जनुकसंकेतात प्रथिनाची साखळी जेथल्या तेथे थांबविणारे शब्दही असतात, हा १९६५ मध्ये गॅरन आणि सिडनी ब्रेनर यांच्या गटांनी प्रस्थापित केलेला सिद्धांत ज्या वाटेने आला, तिच्या आरंभी हा निबंध उभा आहे. सेमूर बेन्झर व स्यूएल चॅम्प यांचा १९६२ मधीलच निबंध याच निष्कर्षाकडे वळत असल्यामुळे दोन्ही एकत्र वाचणे उचित होय.

मुंबईतील पहिल्या दशकात जीवाणूंच्या संयुग्मनात दात्याच्या डीएनएचे काय होते हा त्यांचा विषय होता. मॉरिस फॉक्स यांच्यासह १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या मालिकेतील महत्त्वाचा.

फळमाशीची मज्जासंस्था. १९७६ मध्ये बेन्झर यांच्यासमवेत प्रसिद्ध झालेला निबंध हा सिद्दीकींच्या कारकीर्दीचा कळस मानावा लागेल. तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या आणि थंडावा मिळाल्यावर पूर्ववत होणाऱ्या उत्परिवर्ती माश्यांच्या मज्जातंतूंचे व स्नायूंचे विद्युत्-संदेश नोंदवून, बिघाड शरीराच्या नेमक्या कोणत्या भागात आहे हे शोधण्याची रीत त्यात आहे. त्यांपैकी ‘कोमटोज’ नावाचा वाण, जो गुंगीतून सावकाश शुद्धीवर येतो, त्यांनीच विलग केला होता. पुढील दोन दशकांत इतरांनी हे जनुक वेगळे काढले तेव्हा, पेशीतील सूक्ष्म पुटिकांच्या विलयास आवश्यक असणारे एनएसएफ हे प्रथिन त्यापासून बनते असे आढळले. त्याच निबंधातील इतर दोन वाणांपैकी ‘पॅरालिटिक’ हे सोडियम-मार्गाचे, तर ‘शिबिरे’ हे डायनामिन प्रथिनाचे जनुक ठरले. या तिन्ही रेणूंचा मागमूस नसताना, केवळ बिघडलेल्या प्राण्याच्या वागणुकीवरून मज्जाक्रियेचे मूळ घटक हाती लागू शकतात, असा विश्वास बाळगून वर्षानुवर्षे माश्यांचे वाण तपासत राहणे यास जी बौद्धिक निष्ठा लागते, ती या विषयातील प्रत्येक विद्यार्थ्याने हा निबंध मुळातून वाचून ओळखावी.

त्यानंतर गोमंतकीय आईबापांच्या पोटी केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज (१९५३–२०१०) या विद्यार्थिनीसमवेत त्यांनी गंध व रुची यांच्या ज्ञानात दोष असणाऱ्या माश्या निवडून काढल्या. पायरॅनोज शर्करेची चव न ओळखणाऱ्या वाणावरील १९८१ चा निबंध हे त्याचे ठळक उदाहरण. गंधग्राहक प्रथिनांची जनुके सस्तन प्राण्यांत १९९१ मध्ये व फळमाशीत १९९९ मध्ये उजेडात आली. त्याच्या कितीतरी आधी गंधज्ञानाचा हा प्रश्न आनुवंशिकीच्या भाषेत मुंबईत मांडला गेला होता, याची नोंद पाश्चात्त्य ग्रंथांत पुरेशा ठळकपणे होत नाही.

संस्थात्मक कार्य. १९७० च्या दशकात सुरू झालेली, आधुनिक जीवशास्त्रावरील महाबळेश्वर परिसंवादांची मालिका; पी. बाबू, लिंडा हॉल आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे जेफ्री हॉल यांच्यासह संपादित केलेला फळमाशीच्या विकास व मज्जाजीवशास्त्रावरील ग्रंथ (१९८०). बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राची उभारणी.

सन्मान. भटनागर पुरस्कार (१९७६), रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९८४), पद्मभूषण (१९८४), पद्मविभूषण (२००६).

उत्तरायुष्यात बंगळूर येथे फळमाशीची गंधस्मृती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. तेथेच रस्ता-अपघातानंतर त्यांचे निधन झाले.