झाडांचे न्हाणीघर

माणसाने आंघोळ कुठे करावी आणि झाडाने कुठे उभं राहावं, याबद्दल आपल्याकडे पूर्वी वाद नव्हता. माणूस न्हाणीघरात, झाड परसात. दोघांच्या मध्ये एक भिंत, आणि भिंतीला खाली एक भोक. आतल्या माणसाने घंगाळातून तांब्या तांब्या अंगावर घेतलेलं पाणी त्या भोकातून बाहेर पडायचं आणि सरळ अळवाच्या वाफ्यात जायचं. तिथून उरलं तर केळीला, केळीतून उरलं तर माडाला. घरात आठ माणसं असली की अळवाला दिवसातून आठ वेळा पाणी. मे महिन्यात पाहुणे आले की केळीची चंगळ व्हायची. पाहुण्यांच्या आंघोळीवर पोसलेल्या अळवाचं फदफदं पाहुण्यांच्याच पानात वाढलं जायचं, आणि ते बोटं चाटत म्हणायचे, ‘‘तुमच्याकडच्या अळवाला चव काही वेगळीच!’’ वेगळी असणारच.

मग माणूस शहरात आला. चाळीतल्या खोलीत मोरी कोपऱ्यात आली, तिला गुडघाभर उंचीचा कठडा आला, आणि भिंतीतलं भोक परसात न उघडता पाइपात उघडायला लागलं. अळू गेलं. झाडाच्या नावाने उरली ती गॅलरीत डालडाच्या डब्यातली तुळस. पुढे चाळीचे ब्लॉक झाले, ब्लॉकचे फ्लॅट झाले, मोरीची बाथरूम झाली. झाड मात्र माणसाच्या मागे मागे येतच राहिलं. आधी ते गॅलरीत उभं होतं, मग हॉलमध्ये येऊन टीव्हीशेजारी बसलं, आणि आता खांद्यावर टॉवेल टाकून थेट बाथरूममध्ये शिरलं आहे.

ही शेवटची पायरी मला आमच्या घरात कळली. एका गुळगुळीत मासिकातलं चित्र हिने माझ्यापुढे धरलं. पांढरीशुभ्र बाथरूम, आंघोळीचा टब, टबावर लोंबणारं फर्न, खिडकीत आणखी दोन कुंड्या, आणि जमिनीवर एक उंच झाड, ज्याला इंग्रजीत ‘सासूची जीभ’ म्हणतात. (हे नाव मी घरात मोठ्याने उच्चारत नाही.) चित्रात बादली नव्हती, मग नव्हता, धुण्याच्या सोड्याचा डबा नव्हता.

‘‘अहो, आपल्याकडे गिझरच्या खाली एक फर्न छान दिसेल.’’

‘‘आणि मी कुठे उभा राहू?’’

तिने चित्राकडे पुन्हा नीट पाहिलं आणि म्हणाली, ‘‘यात माणूस दाखवलेलाच नाही.’’

आमची बाथरूम पाच फूट बाय चार फूट आहे. पाच गुणिले चार म्हणजे वीस, त्यात फर्न किती बसेल हा प्रश्न कॉमर्सच्या पदवीधराला सुटण्यासारखा आहे. पण फर्नने बाथरूममध्ये यावं ही कल्पना मुळात निघाली कुठून, ते पाहावं म्हणून मी मागे मागे गेलो, तर गाडी लंडनच्या एका डॉक्टरच्या बाटलीपाशी जाऊन थांबली. बाटली म्हणजे तसली नव्हे.

या डॉक्टरांचं नाव नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड. जन्म १७९१. तेराव्या वर्षी जहाजावरून जमैकाला जाऊन आले आणि तिथली हिरवाई पाहून जन्माचे वेडे झाले. दवाखाना मात्र थाटला लंडनच्या पूर्व भागात, गोदीच्या जवळ, जिथे कारखान्यांची धुरांडी दिवसरात्र कोळशाचा धूर ओकायची. त्या अंगणात त्यांनी दगडधोंडे रचून फर्न लावली. ती मेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली. माणूस डॉक्टर असल्यामुळे मृत्यूचं कारण त्यांना कळत होतं: धूर. उपाय मात्र नव्हता. हे दोन्ही अनुभव वैद्यकीय व्यवसायात एकत्र येतात, असं म्हणतात.

१८२९ साली त्यांनी पतंगाचा एक कोष रुंद तोंडाच्या बाटलीत ओलसर मातीत ठेवला आणि झाकण लावलं. पतंग कधी बाहेर येतो ते पाहायचं होतं. पतंग बाहेर पडायच्या आधी मातीतून दोन कोंब वर आले. एक गवताचा आणि एक फर्नचा. फर्नला बी नसतं, धुळीसारखे बीजाणू असतात. ते त्या मातीत आधीच असणार. अंगणात इतकी सेवा करूनही जे जगत नव्हतं, ते न विचारता बाटलीत उगवून आलं. वॉर्डसाहेबांनी पतंग बाजूला ठेवला आणि बाटलीकडे बघत बसले.

त्यांना दिसलं ते असं. दिवसा ऊब लागली की मातीतला ओलावा वाफ होऊन वर जातो, काचेवर थेंब होऊन जमतो आणि ओघळून पुन्हा मातीत येतो. म्हणजे गरम पाण्याची आंघोळ झाल्यावर आपल्याकडे आरशावर जे होतं तेच. आत हवा कायम दमट, आणि बाहेरची काजळी बाहेर. फर्नला नेमकं हेच लागतं. त्याच्या जातीत पुनरुत्पादनसुद्धा पाण्याच्या पातळ थरावाचून होत नाही. वॉर्डने बाटली अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर ठेवली, आणि ती दोन झाडं पाण्याचा एक थेंब न घालता जवळजवळ चार वर्षं जगली. शेवटी वॉर्ड बाहेरगावी गेलेले असताना झाकणाला गंज चढला, पावसाचं पाणी आत शिरलं आणि झाडं गेली. म्हणजे पाण्यावाचून चार वर्षं काढली आणि पाण्याने मेली.

थोडक्यात, वॉर्डने फर्नसाठी एक छोटं न्हाणीघर बांधलं होतं. आज आपण बांधलेल्या न्हाणीघरात फर्न नेतो. गोष्ट तीच आहे, फक्त आता आत आपणही असतो.

बाटलीची पुढे काचेची पेटी झाली. १८३३ मध्ये वॉर्डने अशा दोन पेट्या झाडं भरून जहाजावरून सिडनीला पाठवल्या. सगळा प्रवास उघड्या डेकवर, आणि झाडं जिवंत पोचली. परतीला त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियातली झाडं आली. वाटेत केप हॉर्नला डेकवर बर्फ साचलं, विषुववृत्तावर भट्टी पेटली, पण आतल्यांना पत्ता नाही. त्याआधी परदेशातून झाडं मागवणारे व्यापारी वीसपैकी एकोणीस झाडं वाटेत गमवायचे. पेटी आल्यावर लॉडिजिस या नर्सरीवाल्यांनी सांगितलं की, आता वीसपैकी एकोणीस जगतात. बुडीत खात्याचं असं पुनरुज्जीवन मी आमच्या बँकेत अजून पाहिलेलं नाही.

मग काय, साम्राज्याला झाडं हलवायचं यंत्रच सापडलं. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या गृहस्थाने ईस्ट इंडिया कंपनीच्या सांगण्यावरून, डोक्याची हजामत करून आणि चिनी वेष घालून, चीनमधली हजारो चहाची रोपं अशा पेट्यांतून १८५१ मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी आणली. रबराची रोपं याच पेट्यांतून १८७६ मध्ये सिलोनला गेली. सकाळी चहाचा घोट घेऊन रबरी चपला अडकवून आपण आंघोळीला निघतो, त्यात त्या बाटलीचा वाटा आहे. ज्यांच्या देशातून झाडं उचलली त्यांना त्यातलं काय मिळालं, हा प्रश्न मात्र पेटीच्या बाहेरच राहिला.

इकडे इंग्लंडात बैठकीच्या खोलीत काचेची पेटी आणि पेटीत फर्न, ही प्रतिष्ठेची खूण झाली. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, १८५१ मध्ये खिडक्यांवरचा कर उठला. होय, खिडक्यांवर कर होता, दीडशे वर्षांहून जास्त काळ. घराला खिडक्या जितक्या जास्त तितका कर जास्त. म्हणून लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. कर उठल्यावर उजेड स्वस्त झाला आणि फर्नची अशी साथ आली की चार्ल्स किंग्जली या लेखकाने १८५५ मध्ये ‘टेरिडोमेनिया’ असं त्या रोगाचं नावच छापून टाकलं. तरुण मुली भरतकाम टाकून डोंगरकपारीत फर्न उपटत हिंडू लागल्या.

ज्यांना काचेची पेटी परवडत नव्हती, त्यांच्यासाठी जपानहून आलेलं अ‍ॅस्पिडिस्ट्रा हे झाड होतं. अंधार चालतो, गॅसच्या दिव्यांचा धूर चालतो, पाणी विसरलात तरी चालतं. इंग्रजीत त्याला बिडाचं झाड म्हणतात. आपल्याकडे बिडाचा तवा असतो तसं. हे कारकुनांचं झाड. जॉर्ज ऑर्वेलने १९३६ मध्ये त्याच्यावर अख्खी कादंबरी लिहिली. तिचा नायक पैशाचा आणि या झाडाचा सारखाच द्वेष करतो आणि खोलीतलं झाड मारायला टपलेला असतो. शेवटी त्याला बरी नोकरी लागते, लग्न होतं, आणि तो पहिलं काय करतो, तर अ‍ॅस्पिडिस्ट्रा विकत घेतो. ते वाचल्यावर मी बराच वेळ आमच्या मनी प्लांटकडे पाहत बसलो होतो.

मनी प्लांट हा आपला अ‍ॅस्पिडिस्ट्रा. मूळचा तो प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा. आपल्याकडे येऊन हॉर्लिक्सच्या बाटलीत राहिला. चोरून आणला तरच वाढतो, अशी त्याची ख्याती. यात थोडं शास्त्र असावं. या झाडाला फूल येत नाही. त्याच्यातला एक जनुक काम करत नाही, असं २०१६ साली शास्त्रज्ञांना आढळलं. फूल नाही म्हणजे बी नाही. बी नाही म्हणजे कुणाच्या तरी वेलाचा तुकडा तोडल्याशिवाय तुमच्याकडे तो येणारच नाही. आता तुकडा मागून घ्यायचा की काकू स्वयंपाकघरात गेल्यावर, हा ज्याच्या त्याच्या संस्काराचा प्रश्न. पण नावाचं म्हणाल, तर माझी अर्धी नोकरी पैशांच्या सान्निध्यात गेली, आणि पैशाला पालवी फुटलेली मी पाहिली नाही.

१९७० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत झाडांची पुन्हा लाट आली. सुतळीच्या विणलेल्या झोळ्यांत झाडं टांगायची, आणि बाथरूममध्ये टबापासून कमोडपर्यंत सगळं अवोकाडोच्या हिरव्या रंगाचं. मासिकातल्या चित्राची आजी ती. मग १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेने बंद पेटीत झाडं ठेवून प्रयोग केले आणि झाडं हवेतले काही विषारी वायू कमी करतात, असं निघालं. कुंडीवाल्यांची दिवाळी झाली. पुढे २०१९ मध्ये दोन संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र मांडून हिशेब केला. दारं-खिडक्यांतून साध्या हवेने जेवढी शुद्धी होते, तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. आमची बाथरूम १.८६ चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी १९ कुंड्या, जास्तीत जास्त १,८६०. आंघोळ शेजाऱ्यांकडे.

हा हिशेब मी हिला दाखवला. ती म्हणाली, ‘‘मग खिडकी उघडी ठेवली तर?’’ वीस वर्षं आकडेमोड करणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारू नये.

पण सगळ्या इतिहासाचा मुद्दा हाच आहे. वॉर्डच्या अंगणातली फर्न मेली, तेव्हा ती एक तक्रार होती: इथली हवा जगण्यालायक नाही. वॉर्डला ती ऐकू आली. आपल्या पुस्तकात त्याने पेटीचा उपयोग शहरातल्या गरिबांसाठी कसा होईल यावर एक प्रकरणही लिहिलं. बाकीच्यांनी फर्नला काचेच्या पेटीत ठेवलं, तिचं कौतुक केलं, आणि स्वतः तोच धूर ओढत बसले. माणसांसाठी पेटी कुणी केली नाही. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धुरकं बसलं आणि हजारो माणसं मेली, तेव्हा कुठे १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. फर्नने तक्रार नोंदवली १८२९ च्या आधी आणि निकाल लागला १९५६ ला. सव्वाशे वर्षांहून जास्त. आपल्याकडचे दिवाणी दावे उगाच बदनाम आहेत.

तेव्हा बाथरूममध्ये झाड जरूर ठेवा. फर्न ठेवा, मनी प्लांट ठेवा. दमट हवा त्यांना मानवते. साबणाचा फेस कुंडीत उडू देऊ नका. उजेड कमी असेल तर दोन कुंड्या घ्या: एक आठवडाभर बाथरूममध्ये ड्यूटीवर, दुसरी गॅलरीत रजेवर. आणि एवढं करूनही ते पिवळं पडलं तर नर्सरीत जाऊन नवीन आणायची घाई करू नका. आधी खिडकीकडे पाहा. ती कशात उघडते? डक्टमध्ये? तिच्यापुढे काय रचून ठेवलंय? उजेड कुठे अडतो, हवा कुठून येते? झाड तिथे आठ दिवसांत कुरकुरलं. आपण तिथे वर्षानुवर्षं गाणी म्हणतोय.