यंत्र आणि जाब

बंगळुरास संगणकाचा उद्योग भरभराटला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु येथील संशोधकांनी गरजेपोटी स्वतःचे यंत्र बांधले होते, याचे स्मरण थोड्यांसच असते. 1986 साली येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्वर’ उभा राहिला. हवेच्या प्रवाहाची समीकरणे अनेक प्रक्रियकांवर एकाच वेळी सोडविणारे ते यंत्र. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम 8000’ त्यानंतर, 1991 साली आला. उत्तर चुकल्यास जाब कोणास विचारावा, हा प्रश्नच तेव्हा नव्हता. समीकरण मांडणारे, यंत्र जुळविणारे आणि उत्तर पडताळणारे एकाच छताखाली बसत.

2022 साली भारतीय विज्ञान संस्थेत ‘परम प्रवेग’ सुरू झाला. त्याची क्षमता 3.3 पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदास 3300 लक्ष कोटी गणिते. तरीही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड यंत्रसामग्री आज मुख्यतः मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हाती आहे. मार्च 2024 मध्ये केंद्राने ‘इंडियाएआय’ योजनेस 10,371.92 कोटी रुपये मंजूर केले. तिच्यातून संशोधकांस गणनशक्ती सवलतीच्या भाड्याने मिळते.

मग विद्यापीठांनी करावे काय? शासकीय सेवेतील वाचकांस हे तत्त्व नवे नाही: खर्च करणारा आणि हिशेब तपासणारा एक नसावा. ज्या यंत्राच्या उत्तरावर उद्या कोणाचे निवृत्तिवेतन वा कर्ज अडेल, त्याची तपासणी नफ्याशी संबंध नसलेल्या विद्वानांनीच करावी. मात्र भाडेकरूस मालकाचे दप्तर पाहावयास मिळत नाही; तपासनीसास ते मिळालेच पाहिजे.